स्वच्छ पडद्यामागचा रिसीव्हर

मी रडारचा रिसीव्हर बोलतोय. नाही ओळखलंत? ओळखणार कसे! बंदरावर येणारा जो तो मान वर करून मनोऱ्यावरच्या अँटेनाकडे बघतो. तो दिवसभर स्वतःभोवती फिरतो, म्हणून लोकांना वाटतं रडार म्हणजे तोच. अहो, ते नुसतं तोंड आणि कान. डोकं खाली, या करड्या पेटीत आहे.

आमचं काम सांगतो, जमलं तर समजून घ्या. ट्रान्समीटर रेडिओलहरींचा एक ठोका सोडतो, अँटेना तो एका दिशेला फेकतो. समोर जहाज असेल तर लहर त्यावर आपटून परत येते. तो प्रतिध्वनी. परत येईपर्यंत त्याच्यात जीव उरलेला नसतो. ती मरतुकडी कुजबुज वेचून, मोठी करून पडद्यावर ठिपका उमटवतो तो मी. किती मोठी करायची ते एका बटणावर ठरतं. त्याला गेन म्हणतात. गेन चढवला की लाटांचे आणि माझ्या अंगातल्या खरखरीचेही ठिपके उमटतात. पण ते दर फेरीला जागा बदलतात. खरी होडी अशी उड्या मारत नाही. हे ओळखायला बुद्धी लागत नाही, थोडा धीर लागतो. तोच तुमच्याकडे नाही.

माझ्या नशिबी आले टापटीपराव. ऑपरेटरला सगळे याच नावाने हाक मारतात. याला टेबलावर धूळ खपत नाही आणि पडद्यावर ठिपका खपत नाही. आल्या आल्या गेन खाली! "कसा आरशासारखा झाला बघा," म्हणतो, आणि साहेबही कौतुकाने मान डोलावतात. दोघेही एका माळेचे मणी.

एका सकाळी दाट धुकं पडलं. टापटीपरावांच्या बायकोचा फोन आला.

"अहो, बाबा अजून परतले नाहीत. तुमच्या पडद्यावर दिसतात का?"

तिचे वडील छोटी लाकडी होडी घेऊन मासे धरायला जातात. लाकडाचा प्रतिध्वनी मुळातच अशक्त; गेन उतरवल्यावर तो दिसणार कुठून?

"पडदा स्वच्छ आहे गं. बसले असतील कुठेतरी गप्पा मारत," असं म्हणून या शहाण्याने मालवाहू जहाजाला आत यायची परवानगी दिली.

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "शेजारचे काका म्हणतात, बाबा बंदराच्या तोंडाशीच जाळं ओढत होते. नीट बघा ना हो!"

"बघतोय की!" तो खेकसला, पण हात बटणाकडे गेला. पडदा ठिपक्यांनी भरला. त्याने नाक मुरडलं. अँटेना फिरत राहिला, ठिपके नाचत राहिले. एक मात्र जागचा हलला नाही. बरोबर जहाजाच्या वाटेत.

"वळवा! जहाज वळवा!" वायरलेसवर त्याचा आवाज चिरकला.

जहाज वळलं. सासरेबुवा सुखरूप घरी पोचले. बायको फोनवर ढसाढसा रडली, तोही रडला. मला वाटलं, आता तरी शहाणा होईल. माणसांबद्दल असं काही वाटून घेणं हा माझाच मूर्खपणा.

आज मनोऱ्यावर पाहुणे यायचेत. बाहेर पुन्हा धुकं आहे आणि म्हातारा समुद्रात आहे. टापटीपरावांनी टेबल पुसलं, पडदा पुसला आणि गेन उतरवला. म्हणाले, "पाहुण्यांसमोर हा कचरा कशाला?"

त्या कचऱ्यातला एक कण मला स्पष्ट ऐकू येतोय. जहाजांच्या वाटेवर, जागा न सोडता. पण मी रिसीव्हर. मला फक्त ऐकता येतं, पाठवायचं काम माझं नाही.

ताई, बाबांसाठी तू तरी पुन्हा फोन कर.