मारबतीसोबत गेलेली पाटी

विहिरीच्या कठड्यात एक काळा दगड होता, कमरेएवढा. दोरांनी घासून त्याला खाचा पडल्या होत्या. पाणी ओढणारी बाई त्याला एका हाताने धरून वाकायची. नळ आले, पाणी ओढणं बंद झालं, तरी हळदकुंकू वाहायला बाया जात आणि हात त्याच दगडावर ठेवत. माझी बायको कौशल्याही.

मागच्या उन्हाळ्यात विक्रमबाबूंनी तो दगड काढला. विक्रमबाबू म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावातल्या वारसा समितीचे अध्यक्ष. विहीर भोसल्यांच्या काळची, म्हणून तिथे माहितीची पाटी लागणार होती आणि दगड फोटोत आड येत होता. दगड गेला. गुळगुळीत फरशी बसली, बाजूला ग्रॅनाइटची पाटी लागली. पाटीवर विहिरीबद्दल चार ओळी, खाली मोठ्या अक्षरात 'कै. दौलतराव यांच्या स्मरणार्थ'. दौलतराव म्हणजे विक्रमबाबूंचे वडील. कठड्यात खिंडार राहिलं होतं. तिथे जाळी नंतर लावू म्हणाले.

पुढे आमची सून मयुरी बाळंत झाली. सव्वा महिन्याने बाळंतिणीने विहीर पुजायची, ही आमच्याकडची रीत. कौशल्या तिला घेऊन गेली. पूजेचं पाणी फरशीवर सांडलं होतं. कौशल्या नारळ सोडायला वाकली, हात सवयीने दगडाकडे गेला. दगड नव्हता. ती खिंडारातून विहिरीत गेली. मयुरीने हे डोळ्यांनी पाहिलं.

समितीच्या माणसांनी गावात सांगितलं, बाईला चक्कर आली. तेरवीला विक्रमबाबू आले, अंगणात खुर्चीवर बसले.

"उमर झाली होती, रुपरावजी. चक्कर कोणाले सांगून येते का?"

"तिले चक्कर नाही आली. तुम्ही दगड काढला."

"दुःखात माणूस काहीबी बोलते," असं ते बाजूच्या माणसाला म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी खिंडारात जाळी बसली. ती पाहिली तेव्हा मी ठरवलं, 'दगड मी काढला म्हणून बाई गेली', हे विक्रमबाबूच्या तोंडून गावासमोर वदवायचं. नाही वदला तर त्याला दुखेल तिथे धरायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे पीडा नेणाऱ्या बाईच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. नागपुरात महालातून मोठी निघते, आमची लहान. गावाची रोगराई मारबतीच्या माथी द्यायची आणि तिला सीवेबाहेर, गावच्या हद्दीपलीकडे, नेऊन जाळायचं. सोबत बडगे असतात, ज्याच्यावर गावाचा राग त्याचे पुतळे. आमच्या कोष्टीपुऱ्याचा बडग्या दरवर्षी मीच बनवतो. यंदा शेजारचा मारोतराव पुतळा न्यायला हातगाडीचा ठेला घेऊन आला आणि पाहत उभा राहिला.

"काहून गा, यंदा बडग्याले एवढं पोट?"

"ज्याचं आहे त्याचंच लावलं."

"नाक नाही जमलं पण."

"नाक कापाचंच आहे त्याचं."

मारोतराव हसला. मग त्याला पुतळ्याचा चष्मा आणि जाकीट दिसलं, दोन्ही विक्रमबाबूंसारखं.

मिरवणूक विहिरीपाशी आली तेव्हा मी ठेला थांबवला. पाटी चार बोल्टांवर होती, पाना माझ्या खिशात होता. लोकांना वाटलं हाही खेळच आहे. कोणी शिट्टी मारली. दुसरा बोल्ट निघाला तेव्हा मारोतरावच्या लक्षात आलं.

"रुपराव, हे मस्करीत नाही बसत गा."

"हात लाव."

त्याने लावला. पाटी आम्ही बडग्याच्या मांडीवर ठेवली. ढोल थांबले होते. मी एवढंच म्हणालो, "कौशल्याची पीडा हे आहे."  मग म्हातारी जयवंताबाई, जिने जन्मभर त्या दगडाला धरून पाणी ओढलं, ती ओरडली, "घेऊन जा गे मारबत." मग सगळे ओरडले.

नाल्यापलीकडे मारबत जळाली, बडगे जळाले. पाटी राखेत राहिली.

मारबतीसोबत गेलेली वस्तू कोणी सीवेच्या आत आणत नाही. बांबू नाही, दोरी नाही. विक्रमबाबू पोलिसांत गेले नाहीत. गेले असते तर कारण सांगावं लागलं असतं. त्यांनी मजूर पाठवले. मजुरांनी दुरून पाहिलं आणि परत आले. भिवापूरहून ट्रॅक्टरवाला बोलावला, त्याला चहाच्या टपरीवर हकीकत कळली, तोही वळला. नवी पाटी करायची म्हटली तर त्यांची आई आडवी आली. मारबतीसोबत गेलेलं नाव पुन्हा पाण्यावर लावायचं नाही, म्हणाली.

मग ते माझ्याकडे आले. या खेपेला खुर्चीवर बसले नाहीत.

"बापाचं नाव आहे जी ते. माय जेवून नाही राहिली. ज्यानं नेली त्यानंच आणली तर लोक चालवून घेतील."

"आणतो. विहिरीवर चला अन् गावासमोर सांगा, दगड मी काढला म्हणून कौशल्या गेली."

त्यांनी दाराकडे पाहून घेतलं. मग हळूच म्हणाले, "दगड म्याच काढला. चुकलं माझं."

"मले काय सांगता? मले माहीत आहे."

"निवडणूक तोंडावर आहे, रुपरावजी."

"मग राहू द्या तिथंच."

ते गेल्यावर माझा मुलगा पंकज म्हणाला, "बाबा, चुकलं म्हणाला ना तो. झालं आता." मयुरी उठली. तिने बाळाला उचललं आणि आत गेली.

माझ्या शेताची वाट नाल्यावरूनच जाते. पावसाने राख वाहून गेली, आता दौलतरावांचं नाव स्वच्छ दिसतं. दुपारी त्यावर बकऱ्या बसतात. मी हाकलत नाही.