आवळायची बाजू

आजीने पियानो पालथा करून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि बटाटे सोलायच्या सुरीचं टोक बॅटरीच्या झाकणावरच्या स्क्रूत खुपसलं.

“सुरी?” वर्तमानपत्राआडून आजोबांचा आवाज आला.

“मग काय करू? स्क्रू घासलाय. बारा वाजता शाळा सुटली की येईल तुमची नात, आणि पियानो मुका. मग बघा तोंड कसं होतं ते.”

पियानो कसला, वीतभर लांबीचं पिवळ्या प्लास्टिकचं खेळणं. पण नातीचा त्याच्यावर भारी जीव. रविवारी बॅटरी संपली तेव्हा तिने तो आजोबांच्या मांडीवर ठेवला आणि “तुम्ही नीट करा” एवढंच सांगून गेली. आजोबांनी तो उचलून कपाटावर ठेवून दिला. “एकच तर स्क्रू आहे, कोणीही उघडेल,” म्हणाले.

आजीला तेच लागलं. चाळीस वर्षं ह्या माणसाने लोकांची घड्याळं उघडली होती. गल्लीत त्यांचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, सगळे ‘भिंगवाले’ म्हणायचे. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तो महिन्या-दोन महिन्यांनी परत हलू लागला, पण थरथर काही गेली नाही. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. भिंगवाल्यांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली आणि दहा महिन्यांत तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विषय काढला की ते नाकपुड्या फुगवून वर्तमानपत्र उघडत, मग ते कालचं का असेना.

म्हणून तिने ठरवलं, कोणीही उघडेल असा हा स्क्रू कोणालाच उघडता येऊ नये असा करून ठेवायचा. काल ते फिरायला बाहेर पडले तशी ती शिवणयंत्राचा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली आणि स्क्रूच्या डोक्यावरची खाच झिजेपर्यंत आवळत राहिली. जन्मात पहिल्यांदा एखादी वस्तू मन लावून बिघडवली. जरा जास्तच मन लावलं, हे आज सकाळी लक्षात आलं. स्क्रू खरोखरच रुतून बसला होता. आता तो ह्यांच्याही हातून निघाला नाही, तर हे पुन्हा पेटीला शिवायचे नाहीत. मग केलेलं सगळं तिच्याच अंगाशी येणार होतं.

सुरी कर्रकन सरकली. वर्तमानपत्र खाली आलं.

“ठेव ती. कडा जाईल प्लास्टिकची. पेटी आण.”

ती इतक्या घाईने गेली की पलंगाचा पाय करंगळीला लागला. लंगडतच तिने पेटी आणून समोर ठेवली.

भिंगवाल्यांनी आधी स्क्रूच्या चारी बाजूंनी कागदी चिकटपट्टी लावली. हत्यार सटकलं तर ओरखडा पट्टीवर यावा, प्लास्टिकवर नाही. मग पकड यावी म्हणून रबरबँडचा तुकडा स्क्रूवर ठेवून त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. हे सगळं डाव्या हाताने. फिरवायची वेळ आली तेव्हा उजवा पुढे आला. एकदा सटकला, दुसऱ्यांदा सटकला. तिसऱ्यांदा हाताला असा हिसका बसला की पट्टीवर लांबलचक रेघ उमटली.

त्यांनी हात मांडीवर घेऊन डाव्याखाली झाकला.

“नाही जमत. सूनबाईला सांग, नवा पियानो घेऊन ये म्हणावं.”

“भिंग कुठे लावलंत अजून?”

“भिंगातून थरथर दहापट दिसते गं.”

ते असं सहज म्हणाले, जसं काही हे तिला ठाऊकच होतं. तिला ठाऊक नव्हतं. दहा महिने तिने त्याला हेकटपणा म्हटलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांपाशी तक्रार केली होती. हा माणूस घाबरला होता, आणि तिने त्याच्यापुढे हा स्क्रू आणून ठेवला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“अहो, ऐका ना. तो स्क्रू ना—”

पण त्यांनी पेटीतून भिंग काढलं होतं. सदऱ्याच्या टोकाला पुसून डोळ्याला लावलं आणि वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. डाव्या हाताने पियानो उजेडाकडे फिरवला, परत बघितलं.

“दिसतंय का काही?” तिने भीत भीत विचारलं.

“दिसतंय.” त्यांनी मान वर केली. भिंगामागचा भलामोठा डोळा तिच्यावर क्षणभर थांबला. “पेटीतलं सोल्डरिंगचं यंत्र लाव प्लगला, टोक तापू दे.”

“प्लास्टिक वितळेल!”

“नुसत्या स्क्रूच्या डोक्याला टेकवायचं. दोन श्वास. स्क्रू तापला की भोवतीचं प्लास्टिक पकड सोडतं. तिसरा श्वास घेतलास तर झाकण गेलं. तूच टेकव, माझा हात नको.”

तिने टेकवलं. दोन श्वास मोजले आणि तिसरा छातीतच अडवून यंत्र उचललं. तेवढ्यात त्यांनी पेटीतल्या ओळीतून एक बारीक, धारदार टोकाचा स्क्रूड्रायव्हर निवडला होता. तो स्क्रूत बसवून पक्कडीच्या मुठीने वर दोन हलक्या टिचक्या मारल्या.

“आता माझ्या हातावर हात ठेव आणि वरून दाब. दाब कमी पडला की सटकतो. दाबायचं तू, फिरवायचं मी.”

तिने तळवा ठेवला. शिवणयंत्र चालू असताना टेबलाला हात लावावा, तशी खालून थरथर लागली. ती उभी राहिली, सगळं वजन हातावर घातलं. थरथर बारीक होत होत थांबली, आणि त्याच शांततेत त्यांची बोटं तसूभर फिरली. कट् असा आवाज झाला.

“सुटला,” ते म्हणाले.

स्क्रू वर आला. झाकणाच्या कडेला साधा चराही नव्हता. तिने डोळे पुसले.

“धूर गेला डोळ्यांत.”

“धूर झालाच नाही,” भिंगवाले म्हणाले आणि डबीतून त्याच मापाचा नवा स्क्रू शोधू लागले. नव्या बॅटऱ्या बसल्या, झाकण लागलं. तिने सुरांची एक पट्टी दाबली. पियानो केकाटला, दोघंही दचकले.

जुना स्क्रू त्यांनी उजव्या तळव्यावर घेतला. तो तळव्यावर थरथरत होता, तरी त्यांनी हात तिच्यापुढे धरला आणि दुसऱ्या हाताने भिंग दिलं.

“बघ. उघडताना सटकला की ह्या बाजूच्या कडा जातात. ह्या जवळजवळ नव्या आहेत, म्हणून तर निघाला. झिजल्यात त्या आवळायच्या बाजूच्या.”

ती यंत्राची वायर गुंडाळण्यात गढून गेली.

“मला कुठे कळतंय त्यातलं.”

“मला कळतं ना.”

जिन्यावर नातीच्या बुटांची धडधड ऐकू आली. त्यांनी हत्यारं एकेक करून जागच्या जागी लावली. पेटी उचलायला ती पुढे झाली, तर त्यांनी झाकणावर हात ठेवला.

“राहू दे इथेच, टेबलावर,” ते म्हणाले. “आणि पुढच्या वेळी बिघडवत बसू नकोस. नुसतं आणून ठेव. मी उघडीन.”