सेनिसाच्या गळ्यातली घंटा

मित्रांनो, पंक्चरच्या दुकानाबाहेर खांबाला टांगलेली मी एक जुनी घंटा आहे. येता-जाता तुम्ही माझी दोरी ओढता आणि दुकानदार हातातला पाना टाकून बाहेर येईपर्यंत पसार होता, तीच मी. तुमच्या खोडीचा मला राग नाही. मला त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा.

हवा भरायला ट्रकवाले थांबतात, तेव्हा दुकानदार माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "हिला साधीसुधी समजू नका. मोक्तेसूमाच्या सोन्याच्या शोधात गेलेल्या दोन माणसांचा हिने वाळवंटात जीव वाचवलाय." मग ट्रकवाले टोपी काढतात. एखादा छातीवर क्रूसही काढतो. त्या वेळी मला वाटते, खिळा निसटावा आणि जुन्या टायरांच्या ढिगात मी तोंड लपवावे. दुकानदार सांगतो ती गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी आज तुम्हाला सांगते.

चर्चमधली एक तडकलेली घंटा आणि कुणा म्हातारीची फुटकी परात वितळवून एका ओताऱ्याने मला घडवले. मला वाजवून पाहिल्यावर तो जरासा हिरमुसला. "आवाज गोड नाही लागला," तो म्हणाला.

"गोड कशाला हवा? खेचरांना लांबून ओळखू आला म्हणजे झालं," असे म्हणून नाबोर किहादाने मला उचलले आणि आपल्या राखी रंगाच्या घोडीच्या गळ्यात बांधले. घोडीचे नाव सेनिसा.

नाबोर खेचरांवर मिठाच्या आणि मक्याच्या गोण्या लादून सोनोराच्या वाळवंटातून गावोगाव जात असे. तुम्ही खेचरांचे तांडे पाहिले नाहीत, म्हणून सांगते. खेचराची आई घोडी असते. त्यामुळे की काय, खेचरे घोडीच्या मागे निमूट चालतात. वावटळीत घोडी दिसत नाही, तेव्हा ती घंटेच्या आवाजामागे चालतात. मुक्कामाला नाबोर एकट्या सेनिसाच्या पायात पायबंद घाली. खेचरांना तो कधी बांधत नसे. मी हाकेच्या अंतरावर वाजत असले की ती कुठेही जात नसत. त्यांतली सगळ्यात वयस्क होती सासू. प्रत्येक बाबतीत तिचे वेगळेच मत असायचे, म्हणून नाबोरने तिला हे नाव दिले होते. तीसुद्धा माझ्या आवाजावर मात्र कधी शंका घेत नसे. ते माझ्या सुखाचे दिवस होते.

अॅझ्टेकांची राजधानी पडली तेव्हा त्यांच्या हमालांनी मोक्तेसूमा राजाचा खजिना उत्तरेकडे पळवला आणि काळ्या डोंगरांपलीकडे एका गुहेत पुरला, अशी गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना पाठ होती. प्रत्येकाच्या आजोबांनी ते सोने पाहिलेले होते. घरी मात्र कुणाच्याच आजोबांनी आणले नव्हते. कापडाच्या दुकानात बसणाऱ्या कासिमिरोला ही गोष्ट झोपू देत नसे. नाबोरच्या मुलीच्या, बेनिताच्या, बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. म्हणजे तो नाबोरचा कंपाद्रे. हे नाते सख्ख्या भावापेक्षा जवळचे, आणि कंपाद्रेला नाही म्हणता येत नाही.

"फक्त तू आणि तुझी खेचरं चल, कंपाद्रे. बाकी सगळं मला ठाऊक आहे," कासिमिरो अंगणात बसून सांगत होता.

चुलीपाशी नाबोरची थोरली बहीण तोमासा रोट्या भाजत होती. ती तिथूनच म्हणाली, "ठाऊक होतं तर इतकी वर्षं कापड कापत काय बसलास रे?"

"तोमासा, सोनं सापडलं ना, की तुला रेशमी शाल आणीन."

"आधी नाताळात कबूल केलेली साखर आण. ती सापडली की सोन्याचं बघू."

निघायच्या दिवशी मात्र तोमासाच सगळ्यांच्या आधी तयार होऊन उभी होती. "दोघेच गेलात तर पहिल्या दिवशी घेवडा करपवाल आणि दुसऱ्या दिवशी भांडाल. मी येते."

वाळवंटाने त्यांना फार छळले. काळ्या, धारदार खडकांनी खेचरांचे खूर चिरले. दुपारी पखालीतले पाणीसुद्धा कोमट लागे. भाजक्या मक्याचे पीठ पाण्यात कालवून ते पीत आणि निवडुंगाच्या काठीएवढ्या सावलीत पाठीला पाठ लावून बसत. कासिमिरोला खेचरे हाकता येत नव्हती. तो शीळ घाली, चुचकारी, शिव्या देई. सासू त्याच्याकडे पाठ फिरवून उभी राही.

"ती बहिरी आहे का रे?" एकदा तो वैतागून म्हणाला.

"बहिरी नाही. तू तिला पटत नाहीस," तोमासा म्हणाली.

नाबोर पोट धरून हसला. मग त्याने कासिमिरोच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस, कंपाद्रे. खेचर माणसाचं ऐकतच नाही, घंटेचं ऐकतं. घंटा ज्याच्या हातात, खेचरं त्याची."

ते ऐकून मी किती फुशारले होते, काय सांगू!

काळ्या डोंगरांपलीकडे खरोखरच एक गुहा होती. कासिमिरो स्वतः सरपटत आत गेला आणि कोपरे सोलून घेऊन बाहेर आला. त्याच्या छातीशी मातीचा एक जड रांजण होता. रांजणाचे तोंड राळेने बंद केलेले होते. त्याने रांजण हलवला. आत धातू खळखळला. तोमासाने सासूच्याच गळ्यात मिठी मारली.

"फोड, फोड लवकर!" नाबोर म्हणाला.

कासिमिरोने रांजण मागे ओढला. "इथे नको. गावात फोडू, पाद्रीबाबांसमोर. तीन सारखे वाटे."

"इथे फोडला तर काय होईल? मी काय पळवून नेणार आहे?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

कासिमिरोने रांजण उचलून आपल्या पथारीपाशी नेला. त्या संध्याकाळी तो रांजणाला टेकून बसला आणि जेवतानाही तिथून हलला नाही. तोमासाने त्याची चेष्टा केली नाही, तेव्हाच मला बरे वाटेनासे झाले.

पखाली निम्म्याहून रिकाम्या झाल्या होत्या. घळीत वर खडकातले एक टाके होते. परत निघण्याआधी त्यात पाणी आहे का, ते पाहायला हवे होते. सकाळी नाबोरने खेचरांवर पखाली आणि सामान लादले आणि रांजण सासूच्या पाठीवर बांधला. टाक्याची फट अरुंद होती. किडकिडीत तोमासाच तिच्यात उतरू शकली असती. पाण्याचा वास काढायला सेनिसाही हवी होती. नाबोरने मला तिच्या गळ्यातून सोडवले.

"ही वाजत वर गेली, तर खेचरं मागोमाग घळीत शिरतील आणि पाय मोडून घेतील," तो कासिमिरोला म्हणाला. "घंटा इथे खोगिरावर ठेवतो. तिला हात लावू नकोस, कंपाद्रे, नाहीतर ती भलतीकडे निघतील. आम्ही आलोच."

भाऊ-बहीण आणि घोडी वळणाआड गेली. कासिमिरो बराच वेळ बसून होता. त्याने रांजणाकडे पाहिले, घळीकडे पाहिले. "गावात पोचलो की लगेच माणसं पाठवीन," तो पुटपुटला. "पाणी देऊन पाठवीन. वर टाकं आहेच त्यांना." मग त्याने मला उचलले.

मित्रांनो, मी वाजले. न वाजणे मला येत नाही, हे खरे आहे. पण ही सबब मी स्वतःला हजारदा सांगितली आणि ती एकदाही पुरी पडली नाही. माझा आवाज ऐकताच खेचरांनी माना वर केल्या. पुढे सेनिसा नव्हती. तरी ती निघाली. दोन माणसांचे सगळे पाणी पाठीवर घेऊन, माझ्यावर विश्वास ठेवून, एकामागून एक निघाली. सासूसुद्धा निघाली.

दरी ओलांडल्यावर कासिमिरोने गळ्यातला रुमाल काढून माझ्या तोंडात कोंबला, कारण आवाज मागे ऐकू जायला नको होता. सासूचा दोर त्याने हातात धरला आणि बाकीची तिच्या मागे चालत राहिली. मी मुकी होऊन खोगिरावर लटकत होते.

दुपार कलली आणि सासू थांबली. तिने मान वळवून हवा हुंगली. घोडीचा वास कुठेच नव्हता. कासिमिरोने दोर ओढला, काठी मारली, शेवटी हात जोडले. "चल गं बाई! आता तरी चल!" सासूने पाठ उडवली. दोरी तुटली आणि रांजण खडकावर पडून फुटला.

आतून घंटा सांडल्या. हरभऱ्याच्या घाट्याएवढ्या, तांब्याच्या, हिरवा गंज चढलेल्या छोट्या छोट्या घंटा. कधी काळी नाचणाऱ्यांच्या घोट्यांवर बांधल्या गेल्या असतील. पोटातले खडे खुळखुळवत त्या वाळूत घरंगळल्या. माझ्याच कुळातल्या होत्या त्या. कुणाच्या तरी आनंदासाठी वाजलेल्या. माझ्या तोंडात चोराचा रुमाल होता.

कासिमिरोने एक उचलून दाताखाली धरली आणि थुंकली. "तांबं!" तो हसू लागला, मग खाली बसला.  घराची वाट त्याला माहीत होती. खेचरांचे येतानाचे माग अजून कुठे कुठे दिसत होते. पखालीत एकट्याला पुरेल इतके पाणी होते. वाळवंट कुणाविरुद्ध साक्षीला येत नाही.

तो उठला आणि खेचरांपुढे उभा राहून, नाबोरच्या बायकोसमोर, म्हणजे आपल्या कोमाद्रेसमोर, उभा असल्यासारखा बोलू लागला. "कोमाद्रे, मन घट्ट कर. मी खूप शोधलं गं त्यांना." त्याने घसा साफ केला. "कोमाद्रे, देवाची इच्छा. मी खूप शोधलं, पाण्याचा थेंबही नव्हता. तू एकटी नाहीस. बेनिताची काळजी करू नकोस. ती माझीच…"

पुढचा शब्द त्याला बोलता आला नाही. त्याने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडला. तिसऱ्या वेळी त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग धावत येऊन त्याने माझ्या तोंडातला रुमाल ओढून काढला आणि आल्या वाटेकडे तोंड करून मला वाजवू लागला.

सूर्य खाली गेला. त्याच्या तळहाताला फोड आले, ते फुटले, तरी तो थांबला नाही. "ये रे," तो म्हणत होता, "शिव्या दे, मार, पण ये." तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी मला अभिमान वाटला असेल. नाही. घराला आग लावून मग बादल्या वाहणाऱ्यासारखे मला वाटत होते.

आधी सेनिसा दिसली. तिच्या पाठीवर तोमासा पालथी पडली होती. घोडीची शेपटी धरून नाबोर फरफटत येत होता. टाक्यात मेलेल्या मधमाश्या आणि मूठभर चिखल होता, हे मला नंतर तोमासाकडून कळले. परत येऊन पाहतात तर खेचरांची जागा रिकामी. घळीच्या तोंडाशी वाऱ्याने माग पुसले होते. दिवसभर अंदाजाने चालून ते भलत्याच दिशेला वळत होते, तेवढ्यात त्यांना माझा आवाज आला.

कासिमिरो पखाल घेऊन धावला. तोमासाने पहिली ओंजळ भावाला पाजली, मग स्वतः प्यायली. ओठ फाटलेले होते, तरी वाळूतल्या घंटांकडे पाहून ती बोललीच, "हे सोनं होय? बरं झालं, आमची किंमत तरी कळली."

कासिमिरो गुडघ्यांवर बसला. "कंपाद्रे, मला…"

नाबोरने त्याला बोलू दिले नाही. त्याने हात पुढे केला. "घंटा द्या, कासिमिरोसाहेब. आपल्याला ती वागवायची तसदी नको."

लहानपणापासून ते एकमेकांना अरे-तुरे करत आले होते. मार बसला असता, तर कासिमिरोला इतके लागले नसते.

गावात पोचल्यावर, घंटा वाजली म्हणून जीव वाचले, हे कासिमिरोनेच सगळ्यांना सांगितले. त्याआधीचे काही सांगितले नाही. नाबोरही गप्प राहिला, कारण बेनिता ज्याला धर्मपिता म्हणून हाक मारत होती, त्याचे नाव त्याला चव्हाट्यावर आणायचे नव्हते. अशी ती गोष्ट अर्धीच राहिली. पुढे ट्रक आले, खेचरे गेली, मी कोंबड्यांच्या खुराड्यावर टांगली गेले आणि तिथून या खांबावर आले. गोष्ट मात्र माझ्यासोबत फिरत राहिली आणि मी आयते कौतुक घेत राहिले.

मित्रांनो, तुमच्यामागे कुणी डोळे मिटून येत असेल, तुमचे धाकटे भावंड असो, मित्र असो की मुके जनावर असो, तर त्याचा विश्वास जपा. तो कुणाला उसना देऊ नका. तुमच्या आवाजाने भलताच कुणी त्याला नेऊ पाहत असेल, तर तुम्हाला गप्प राहता येते. मला येत नव्हते. आणि चूक झालीच, तर गोष्ट अर्धी सांगू नका.

वाळवंटातल्या त्या संध्याकाळी नाबोरने मला पुन्हा सेनिसाच्या गळ्यात बांधले. तिने पाऊल टाकले, मी वाजले, आणि एकही खेचर हलले नाही. सासू पुढे आली. तिने सेनिसाची मान हुंगली, माझ्याखाली खरोखरच घोडी आहे ना ते नीट पाहिले, आणि मगच चालू लागली. बाकीची तिच्या मागून आली. त्यानंतर जितकी वर्षे ती तांड्यात होती, तितकी वर्षे रोज सकाळी मी वाजले की आधी ती पुढे येऊन हुंगून पाही. तिची तपासणी होईपर्यंत सेनिसा उभी राही, आणि मी तिच्या गळ्यात गप्प लोंबकळत असे.