सावकाश सर आणि भिंतीवरची बाई

बुधवारी भिंतीवर बाई येणार हे कळलं, आणि सावकाश सरांची झोपच उडाली.

बाई म्हणजे भूत नव्हे हो. भुताला सरांनी निभावून नेलं असतं, भूत काही परीक्षा घेत नाही. ही बाई होती त्या देशातली, जिथली भाषा सर सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वीसेक वर्षं शिकवत आले होते. गंमत अशी की सर स्वतः तिकडे कधी गेले नव्हते. तिकडच्या एकाही जित्याजागत्या माणसाशी बोलले नव्हते. त्यांचे गुरू दोनच. एक जाडजूड पुस्तक आणि एक सेकंडहँड टेपरेकॉर्डर. हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं.

पण आता क्लासच्या जुन्या मालकांची मुलगी मॅडम होऊन खुर्चीत बसली होती. भाषेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण धंदा कसा करावा ते ती शिकून आली होती.

"सर, आजपासून निम्मा क्लास मोबाईलवर, निम्मा वर्गात," तिनं जाहीर केलं. "धडे सगळे घरी ऐकणार. वर्गात नुसतं बोलायचं. आणि दर बुधवारी तिकडची बाई ऑनलाइन, थेट भिंतीवर!"

"आणि मी?"

"पहिला बुधवार तर होऊ द्या. वर्गात तुमचा उपयोग दिसला तर निम्मा क्लास तुमचाच. नाही दिसला तर..." मॅडमनी हातातला मोबाईल हलवला. "सगळंच यात मावतं हो, सर."

मंगळवारी सकाळी सर मोबाईल घेऊन बाथरूममध्ये शिरले, नळ सोडला आणि पहिला धडा लावला. जुनाच धडा होता, स्टेशनवर तिकीट काढायचा. मोबाईलचे धडे बनवणाऱ्यांनी जुन्या टेपवरूनच उचलला होता. सरांना जरा धीर आला. या धड्यातला तिकीट मागणारा गृहस्थ त्यांच्या घरच्यासारखा होता. खर्जातला आवाज, एकेक शब्द पानासारखा चघळत बोलणारा. सरांच्या डोळ्यांपुढे त्याचं सुटलेलं पोट आणि ढगळ कोटसुद्धा उभा असायचा.

मोबाईलमधून एक किडकिडीत पोरगा किनऱ्या आवाजात बोलला, तिकीट घेतलं आणि सरांनी कान टवकारेपर्यंत गाडीत बसून पसारही झाला.

सरांनी पुन्हा लावलं. पुन्हा पोरगाच. शब्द तेच, माणूस भलताच!

सर ओल्या पायांनी बाहेर धावले. टेपरेकॉर्डर पालथा घातला, मागचे स्क्रू काढले. आत चाक फिरवणारा रबरी पट्टा जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखा लोंबत होता. तेवढ्यात सगळं ध्यानात आलं आणि सर मटकन खाली बसले. मशीन घेतल्या दिवसापासून हळू चालत होतं, म्हणून टेपवरचा प्रत्येक आवाज जाडा आणि संथ यायचा. पोट सुटलेला गृहस्थ जन्मालाच आला नव्हता. आणि सरांनी वीस वर्षं अख्ख्या क्लासला त्याच्यासारखं बोलायला शिकवलं होतं!

"अहो, टाकी रिकामी झाली!" बायको ओरडली. "आंघोळ करताय की धरण फोडताय?"

"अगं, नोकरी चालली."

"मग निदान नळ तरी बंद करा." तिनं स्वतःच केला, मग त्यांचा चेहरा पाहिला आणि शेजारी बसली. "काय झालं?"

सरांनी सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली, हसली, आणि मग थांबली. "उद्या दाढ दुखते म्हणून सांगा."

"म्हणजे माझ्यामागे ती बाई माझ्या विद्यार्थ्यांना एकटीच ऐकणार! त्यापेक्षा समोर मरतो."

बुधवारी सर लवकर पोचले. बेत साधा होता: कॅमेऱ्याच्या वायरीला बुटाची ठोकर, बाई गायब. पण वायर जमिनीला चिकटपट्टीनं पक्की चिकटवलेली.

"कुणाचा तरी पाय लागतो ना," मॅडम गोड हसल्या. सरही हसायला गेले. दात दिसले, हसू काही बाहेर आलं नाही.

वर्ग भरला. निम्मे बाकांवर, निम्मे घरून भिंतीवरच्या चौकटींत. मधल्या मोठ्या चौकटीत बाई उगवली. गोरीगोमटी, प्रसन्न, पाठीमागे खिडकी.

पहिली उठली नर्स. तिला त्या देशातल्या हॉस्पिटलात नोकरी हवी होती, पुढच्या महिन्यात मुलाखत होती. एरवी ही पोरगी चिमणीसारखी चिवचिवायची. पण ती भाषा तोंडात आली की आवाज थेट विहिरीत. सरच शाबासकी द्यायचे ना, "पोटातून! पोटातून!"

"न...म...स्का...र," नर्स त्या भाषेत हंबरली. "मा...झं... काम... आजाऱ्यांची... सेवा..."

बाई थिजली. डोळे उघडे, तोंड अर्धं उघडं.

"नेट गेलं वाटतं," मॅडम वायरीकडे धावल्या.

गेलं! सरांनी मनातल्या मनात हात जोडले. मग त्यांची नजर बाईच्या पाठीमागे गेली. खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलत होता.

नेट ठणठणीत होतं. बाईच थिजली होती.

सरांची पाचावर धारण बसली. त्यात बाईला कंठ फुटला आणि तिनं तोंडाचा जो पट्टा सोडला, त्यातलं एक अक्षर कुणाला कळलं असेल तर शपथ. नर्स वळली. मागच्या बाकावर शिकायला बसलेला ड्रायव्हर वळला. चौकटीतली माणसंसुद्धा वळल्यासारखी दिसली.

"सर, काय म्हणतात त्या?"

सरांनाही कळलं नव्हतं. घाम कॉलरपर्यंत आला. मॅडम हाताची घडी घालून बघत होत्या. पळायला दार एकच, आणि त्या दारातच उभ्या.

सर उठले. त्या भाषेत, त्याच खर्जात म्हणाले, "बाई... कृपा करून... सावकाश बोला."

बाईनं मान डोलावली आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुम्ही सगळे... असं... का बोलता?"

हे कळलं. सगळ्यांनाच कळलं, मॅडम सोडून.

आता खोटं बोलावं, तर तेवढी भाषा सरांना येत नव्हती. पुस्तकात तक्रारीचा धडा होता, माफीचा होता, थापेचा नव्हता. म्हणून खरंच बोलले. "माझं यंत्र... हळू चालत होतं. मला काल कळलं. यांची चूक नाही. माझी आहे. दारातल्या बाईंना सांगू नका. माझी नोकरी जाईल."

ड्रायव्हरचा जबडा लोंबला. नर्सचे डोळे पाण्यानं भरले की रागानं, सरांना कळेना. जन्मात पहिल्यांदा त्या भाषेत खरा संवाद केला होता, आणि तो एवढा स्वच्छ कळावा सगळ्यांना?

"केवढं बोललात सर!" मॅडम खूश. "काय चाललं होतं?"

सर फळ्याकडे वळून डस्टर शोधायला लागले. मॅडमनी नर्सकडे पाहिलं. "तू सांग गं."

नर्सनं सरांकडे टक लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सरांना तेवढ्यात आपली निरोपाची पार्टीसुद्धा दिसून गेली.

"सर म्हणाले," नर्स म्हणाली, "घरचं मोबाईलवर ऐकून यायचं आणि इथं सरांशी बोलून घटवायचं. दोन्ही लागतं म्हणाले. एकानं भागत नाही."

"हो हो," ड्रायव्हर खोकला. "अगदी हेच."

भिंतीवरच्या बाईनं अंगठा वर केला. तिला काय कळलं तीच जाणे.

"वा! निम्मा क्लास तुमचा, सर," म्हणून मॅडम ऑफिसात गेल्या.

वर्ग सुटला. सर फळा पुसत राहिले, पुसलेलाच. मागून आवाज आला, "सर."

नर्स एकटीच उभी होती. "महिन्यावर मुलाखत आहे माझी. तिथं मी अशी हंबरले असते."

"माफ कर गं, पोरी."

"माफी नंतर. आधी शिकवा."

"मलाच येत नाही की गं तसं!"

"ठाऊक आहे. म्हणून तर मलाही भीती वाटतेय." तिनं मोबाईल टेबलावर ठेवला आणि तिकिटाचा धडा लावला. किडकिडीत पोरगा भरभर बोलून गेला.

"म्हणा," नर्स म्हणाली.

"आधी तू."

"वा रे! सर कोण आहे इथं?"

सरांनी डोळे मिटले, गळा आवळला आणि पोराच्या मागे धावत सुटले. आवाज फाटला, चिरकला, वर चढला. नर्स तोंडावर हात दाबून थरथरत होती, हसू आणि भीती दोन्हीनं. मग तीही मागोमाग धावली.

पलीकडच्या खोलीतून मॅडमचा आवाज आला, "सर, कुणी नवीन मुलगा आलाय का? प्रवेश घेतला का त्यानं?"

सरांनी घाईघाईनं मोबाईल बंद केला.

"घेतोय," नर्सनं ओरडून सांगितलं. "आजच घेतोय."