शेषरावचा गुडघा

भातकुलीच्या नत्थुजीनं आट्यापाट्यांचा संघ बांधला, तेव्हा त्याची स्वतःची खेळायची वर्षं सरली होती. सगळे त्याला उस्ताद म्हणत. हातात कडुलिंबाची काडी घेऊन तो पाट्यांच्या कडेनं फिरायचा. कुणाचा पाय चुकला की पोटरीवर काडी बसायची. मार खाऊनही पोरं यायची, कारण परतवाड्याच्या संघाला भिडेल असा दुसरा संघ त्या भागात नव्हता.

त्या वर्षी मात्र सगळं बिनसलं. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसावर व्यापाऱ्यांच्या उड्या पडल्या. गुरं चरायची जमीनसुद्धा लोकांनी नांगरून टाकली. पोरं दिवसभर वेचणीला नाहीतर गाड्यांवर, आणि पहाटे नत्थुजीपुढं. डोळ्यांत झोप, बोटांना बोंडांच्या टोकांनी पडलेल्या चिरा. नत्थुजीला वाटे, पैसा दिसला म्हणून यांचं खेळातलं लक्ष उडालं. काडी जास्तच चालू लागली.

संघाचा जीव होता शेषराव. आडव्या पाट्यांवरचे गडी आपापल्या पाटीवरच राहतात. मधल्या उभ्या पाटीवर धावून सगळ्यांना सांभाळतो तो सूर. शेषरावसारखा सूर नत्थुजीनं आजवर घडवला नव्हता. घरी त्याची विधवा आई मनकर्णाबाई, दोन बैल आणि थोडं काळं रान.

संक्रांतीला अमरावतीत परतवाड्याशी सामना ठरला होता. त्याच्या आधी शेषराव भरल्या गाडीवरून घसरला आणि त्याचा गुडघा सुजला. तरी तो सकाळी आला.

"उस्ताद, आज राहू द्या जी. पाय टेकत नाही."

"मी मोडल्या बोटानं खेयलो. उभा राह्य."

"त्याचा गुडघा तर पाहा," अन्सार म्हणाला. हा पिंजाऱ्याचा पोरगा, शेषरावचा जिवलग. "लंगडून राहिला तो."

"तू आपली पाटी पाह्य."

शेषराव धावला. तिसऱ्या फेरीत वळताना त्याचा पाय खाली दुमडला आणि तो ओरडून पडला. पोरांनी त्याला खाटेवर घालून घरी नेलं. हाडं बसवणाऱ्यानं पाय चाचपला आणि मनकर्णाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "चालन तो. पण धावाचं इसरा."

दुसऱ्या दिवशी नत्थुजी मैदानावर आला, तर पोरं पाट्यांच्या बाहेर उभी.

"तुमी गेलते का शेषरावले पाहाले?" अन्सारनं विचारलं.

नत्थुजीनं नजर पाट्यांकडं वळवली.

"आमी अमरावतीले जातो. तुमी येऊ नका."

"माह्याबिगर खेयसान?"

"हरलो तर हरू."

नत्थुजीनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. कुणीच मान वळवली नाही.

तरीही संक्रांतीला तो अमरावतीला गेला. पायी चालत, फेटा कपाळावर ओढून, गर्दीच्या मागं उभा राहिला. सुराच्या जागी अन्सार होता. तो समोरच्याच्या पायांऐवजी खांद्यांकडं पाहून फसत होता. एक शब्द ओरडला असता तर तो सावरला असता. शब्द नत्थुजीच्या ओठांवर आला आणि त्यानं गिळला. एक गडी चुकून तोंडावर आपटला, तर दुसऱ्यानं त्याला हात देऊन उठवलं, आणि दोघं धूळ झटकत हसले. आपल्या मैदानावर ही पोरं हसलेली त्याला आठवेना.

ते हरले.

परतीच्या वाटेवर मागून गाडी आली आणि थांबली. "बसा," अन्सार म्हणाला. पोरांनी सरकून जागा केली. गाव आल्यावर तो उतरला.

नत्थुजी घरी न जाता मनकर्णाबाईच्या दारात गेला.

"आता काहून आले?" ती म्हणाली. बसा म्हणाली नाही.

आत खाटेवर शेषराव पडून होता. "जिंकले का?"

"नाही." नत्थुजी उभाच होता. "शेषराव, तू सांगून राहिला होता. म्या आयकलं नाही. चुकलं माह्यं."

शेषरावनं भिंतीकडं तोंड केलं. नत्थुजी बाहेर आला. ओसरीवर कापसाचा ढीग छताला टेकला होता.

"गाडी कोण हाकते तुमची?"

"कोण हाकन?" मनकर्णाबाई म्हणाली. "हाकणारा तर तुमी निजवला."

सकाळी नत्थुजीनं तिचे बैल जुंपले. हंगाम संपेपर्यंत तिचा कापूस त्यानंच अमरावतीला पोचवला. वाटेत दुसऱ्या गाड्यांवर त्याचीच पोरं भेटत. कुणी रामराम घाली, कुणी नुसतं पाही. मैदानावर तो परत गेला नाही. तिथं आता अन्सार शिकवत होता.

शेषराव त्याच्याशी बोलत नव्हता. होळीच्या सुमाराला, नत्थुजी गाडी भरत असताना, तो काठी टेकत अंगणात आला. चाकाला धरून, दुखरा पाय ओढत, वर चढून बसला. हात द्यायला नत्थुजी पुढं झाला, तर म्हणाला, "राहू द्या." मग कासरा स्वतःच्या हातात घेतला.

नत्थुजी मागं कापसावर बसला. गाडी अमरावतीच्या वाटेला लागली.