पुस्तकांच्या पाठीतला ग्रंथ

ग्रंथालयाच्या एकोणतीस वर्षांपूर्वीच्या वार्षिक अहवालात, पान सतरावर, पुढील मजकूर छापलेला आहे: "संदर्भ विभागातील सहायकाने पाच वर्षांच्या अभ्यासरजेत कोणतेही लेखन केल्याचा पुरावा नाही. त्यांनी सादर केल्याचे सांगितलेला ग्रंथ या ग्रंथालयात कधीही आलेला नाही. सबब त्यांची सेवा समाप्त करण्यात येत आहे."

तीन वाक्ये. पहिले चतुर आहे. लेखन नाही, असे ते म्हणत नाही. पुरावा नाही, एवढेच म्हणते. आणि तो शोधायला कोण कोठे गेले होते हे सांगण्याची तसदी घेत नाही. दुसऱ्या वाक्यात चतुराई संपते आणि धिटाई सुरू होते. 'कधीही'! चार मजले, सात दरवाजे आणि अडीच लाख पुस्तके असलेल्या इमारतीत एखादी वस्तू कधीही आली नाही, असे छातीठोकपणे सांगायला माणूस एक तर सर्वज्ञ असावा लागतो, नाहीतर आळशी. चौकशी समितीत पाच सदस्य होते. सर्वज्ञ त्यांत कोणी नव्हते. तिसऱ्या वाक्याबद्दल बोलण्यासारखे काही नाही. पहिल्या दोन लंगड्यांच्या खांद्यांवर बसून ते ऐटीत पुढे निघून जाते.

ही चिरफाड फुलीबाईंनी केली, पण एकोणतीस वर्षे उशिरा. तोवर त्यांनी हा मजकूर अक्षरन् अक्षर खरा मानला होता. ज्याची सेवा समाप्त झाली तो सहायक त्यांचा सख्खा थोरला भाऊ होता, आणि आपण नाते आड येऊ दिले नाही याचा त्यांना अभिमान होता.

फुलीबाई हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. त्या दाखल-विभागाच्या प्रमुख होत्या. आलेले पुस्तक नोंदवहीत चढवायचे, आणि निरुपयोगी कागदांच्या गठ्ठ्यावर तांबड्या पेन्सिलीने फुली मारून तो रद्दीत काढायचा, ही दोन्ही कामे त्यांच्याकडे. आणि पहिल्यापेक्षा दुसऱ्यात त्यांचा हात अधिक सफाईने चाले. "बाईंच्या टेबलापाशी फार वेळ उभा राहू नकोस, फुली पडेल," असे शिपाई एकमेकांना बजावत, आणि ते कानावर आले की बाई मनातल्या मनात सुखावत. निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षे झाली होती. ग्रंथालयाला शंभर वर्षे होत असल्याने त्याचा इतिहास लिहिण्याचे काम आपसूक त्यांच्याकडे आले, आणि तो लिहूनही झाला. त्यात दादाचे प्रकरण त्यांनी सहा ओळींत उरकले होते: पान सतराचा उतारा आणि खाली एक तळटीप. शेवटची मुद्रिते शुक्रवारी छापखान्यात द्यायची होती.

त्याआधीच्या रविवारी ग्रंथालयाच्या तळघरातली पाण्याची नळी फुटली, आणि सोमवारी सकाळी बाइंडरमामांचा फोन आला.

"बाई, जरा येऊन जा. भिजलेले खंड उलगडतोय. त्यांच्या पाठीतून भलतंच काहीतरी निघतंय."

बाइंडरमामांचेही निवृत्तीचे वय केव्हाच उलटून गेले होते. पण त्यांच्या जागी कोणाला नेमायचे याचा निर्णय होत नव्हता, म्हणून मागच्या अंगणालगतच्या खोलीत खळीचे पातेले आणि दाबयंत्र सांभाळत ते अजून बसत. खोलीभर जुन्या मासिकांचे बांधीव खंड पालथे पडले होते. अशा जाड खंडाची पाने शिवून झाली, की पाठ ताठ राहावी म्हणून तिच्यावर रद्दी कागदाच्या पट्ट्या खळीने डकवतात, आणि मग वरून कापड चढते. पुस्तक धड असेपर्यंत त्या पट्ट्या कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. आता पाण्याने खळ सुटली होती, कापड सोलून निघत होते, आणि आतले टाइप केलेले कागद उघडे पडले होते.

"कागद आपल्याच ऑफिसचा आहे," मामा म्हणाले. "मी म्हटलं, रद्दी ती रद्दी, तिच्यात काय बघायचं? पण हिच्यात आपल्या वाचनकक्षाचं छत आलंय. ते कोसळलं तेव्हा मी खालीच उभा होतो ना, म्हणून नजर अडकली."

"बांधताना वाचलं नव्हतंत?"

"बाइंडर वाचत बसला तर बांधणार कोण, बाई? मला पुस्तक फक्त पाठमोरं ओळखता येतं."

बाईंनी चष्मा पुसून पट्टी उजेडात धरली. तिच्यावर तीनच ओळी होत्या. 'छत एकाएकी पडत नाही. पडण्याची त्याची तयारी वर्षानुवर्षे चाललेली असते, आणि ती पाहण्यासाठी माणसे पगारावर ठेवलेली असतात.'

त्या मामांच्या स्टुलावर मटकन बसल्या. हे वाक्य त्यांनी ऐकले होते. जेवताना, तोंडात घास असताना, दादाने ते म्हणून दाखवले होते, आणि आई म्हणाली होती, "आधी गिळ, मग पाड तुझं छत."

दादाला नादच तो होता. कोसळलेले पूल, फुटलेले बॉयलर, बुडालेल्या बोटी, ढासळलेली छते यांच्यावरचे सरकारी चौकशी-अहवाल तो गोळा करी आणि त्यांत काय दडवले आहे ते शोधून काढी. मोडलेली वस्तू बिचारी खरे बोलते, असे तो म्हणे. खोटे बोलायला समिती नेमावी लागते. त्याच्या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात ग्रंथालयाचेच छत होते. त्या छताच्या चौकशीचे अध्यक्ष होते मुख्य ग्रंथपाल, ज्यांना सगळे नुसते 'साहेब' म्हणत. दादाच्या चौकशीचे अध्यक्षही तेच.

अहवाल हातात पडला त्या संध्याकाळी दादाने टिपणांच्या दोन पेट्या घरामागे नेऊन पेटवल्या होत्या. टाइप केलेल्या प्रती नियमाप्रमाणे दोन लागत. दोन्ही त्याने आधीच देऊन टाकल्या होत्या. फुलीबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "कोरे कागद जाळून नाटक कोणापुढे करतोयस?" त्याने वळून पाहिले. पुढच्या महिन्यात तो दुसरीकडे राहायला गेला, आणि आईच्या अखेरच्या दिवसाखेरीज दोघे एका छपराखाली आले नाहीत.

मग चार दिवस बाई आणि मामा पट्ट्या सोडवत होते. ओल्या कपड्यांसारख्या दोरीवर चिमटे लावून त्या वाळत घातल्या. दोन प्रतींच्या पट्ट्या निघत असल्याने एकीतली गळती दुसरीतून भरून येई. ग्रंथ होता. उत्तम होता. आणि जसजसा तो जुळत गेला, तसतसा बाईंचा संताप थंड होत गेला, म्हणजे धारदार होत गेला. सभागृहात साहेबांची तसबीर होती. येताजाता त्या तिच्याकडे अशा पाहत, की काच तडकायची ती तडकली नाही एवढेच. पट्ट्यांतून उरलेल्या वेळात, रात्री जागून, त्यांनी अकरा पाने लिहिली. साहेबांना स्वतःचे छत लपवायचे होते. ग्रंथ त्यांच्या हाती पडला. त्यांनी तो परस्पर रद्दीत घातला आणि वर पान सतरा लिहिले. हेतू, संधी, स्वभाव, सगळे होते. साहेब जाऊन दहा वर्षे झाली होती, आणि त्यांच्याबद्दल चांगले बोलणारा एकही माणूस त्यांच्या मागे उरला नव्हता. ही पाने इतिहासात घालायची आणि छापील प्रत घेऊन दादाच्या दारात जायचे, असे ठरले.

गुरुवारी दुपारी दोरीवरची एक पट्टी त्या उतरवून घेत होत्या. 'चौकशी-अहवालांत दोषी बहुधा मेलेला माणूस असतो. त्याची मोठी सोय अशी, की तो साक्ष देत नाही.'

बाई हसल्या. पोचलेला होता दादा. मग त्यांचे हसू जरासे रेंगाळले आणि विझले.

"हे घ्या, पहिलं पान," मामा मागून म्हणाले. "चार खंडांत विभागून गेलं होतं. वर नुसता तारखांचा तक्ता आहे. आणि काहीतरी तांबडं लागलंय."

चार पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. कोणते छप्पर केव्हा पडले त्याचा तक्ता. ना शीर्षक, ना लेखकाचे नाव, ना दाखलांक. आणि त्या चारही पट्ट्यांवरून गेलेल्या तांबड्या पेन्सिलीच्या दोन रेघा, जुळवल्यावर मध्यभागी एकमेकींना छेदणाऱ्या. उजवीकडून खाली येणारी रेघ शेवटाला किंचित मुरडलेली. तशी मुरड घालायची सवय अख्ख्या ग्रंथालयात एकाच हाताला होती.

मामांनी पाहिले. मग त्यांनी खळ ढवळायला घेतली, जी ढवळायची मुळीच गरज नव्हती.

तो आठवडा बाईंना आता लख्ख आठवला. वार्षिक साफसफाई. नोंद करणारा कारकून रजेवर. टेबलावर बेवारस गठ्ठ्यांचा डोंगर, आणि त्यांचा स्वतःचा एक नियम: शीर्षकाचे पान नसेल तर आत पाहायचे नाही. एका दिवसात डोंगर सपाट केल्याबद्दल साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती. त्या उठल्या, वर गेल्या आणि समितीच्या बैठकांची फाइल काढली. स्वतःची साक्ष त्यांनी कधी वाचली नव्हती. दिलेली असल्यावर वाचायची कशाला? 'दाखल-विभागप्रमुख: नोंदवहीत नोंद नाही, म्हणजे ग्रंथ आलेला नाही. अध्यक्ष: कदाचित नंतर आला असेल? दाखल-विभागप्रमुख: नाही. कधीही आलेला नाही.'

साहेबांनी शंका काढली होती. साहेबांनी!

त्या खाली आल्या तेव्हा मामा चहा ओतत होते.

"बाई, ऐका माझं. फुली असलेल्या चार पट्ट्या मी परत खळीत घालतो. साहेब गेले. त्यांना ना मूल ना बाळ. त्यांच्या खात्यावर आणखी एक पाप चढलं तर कोण तक्रार करणार आहे? दादांचं नाव धुऊन निघतंय ना? मग झालं तर."

"आणि तुम्ही?"

"मी? मी काय, कापले ते मीच. पण मला कोण विचारतंय?"

बाईंनी चहा तसाच ठेवला. चार पट्ट्या पाकिटात घातल्या आणि त्या तडक दादाकडे गेल्या.

दादा तीन रस्ते पलीकडे, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होता. एकोणतीस वर्षांत हे अंतर वाढले नव्हते, त्यामुळे चालताना बाईंना फारच लाज वाटली. त्याने दार उघडले. केस उरले नव्हते. भुवया मात्र पूर्वीसारख्याच दाट.

"छोटे," तो म्हणाला. "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं."

"मग ये."

तिने पाकीट उघडून पट्ट्या त्याच्या टेबलावर जुळवून ठेवल्या आणि काय झाले ते सांगितले. सांगताना ती फुलीबाई राहिली नाही. चूक करून आलेल्या धाकट्या बहिणीसारखी भिंतीकडे पाहत बोलली. दादा बराच वेळ त्या फुलीवर बोट फिरवत होता.

"शीर्षकाचं पान मी मागे ठेवलं होतं," तो म्हणाला. "तीन नावं सुचली होती, एक ठरेना. म्हटलं, उद्या देऊ." मग म्हणाला, "फुली तुझी असणार हे मला तेव्हाच कळलं होतं. टेबलावरून रद्दीत जायला दुसरी वाट कुठे होती?"

"मग समितीला का नाही सांगितलंस?"

"दोघंही घरी बसलो असतो तर आईचं औषधपाणी कोणी केलं असतं? आणि खरं सांगू? मला वाटलं, तू मुद्दाम मारलीस. साहेबांसाठी."

"दादा!"

"कोरे कागद म्हणालीस ना दारात. मी म्हटलं, ही माझ्या तोंडावर खोटं बोलतेय, आणि हिला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे."

एकोणतीस वर्षे एकाने दुसऱ्याला लबाड समजायचे, आणि दुसऱ्यानेही पहिल्याला. आणि दोघांनीही ते सभ्यपणे मनात ठेवायचे. बाईंना रडू आले नाही. त्यांना मोजदाद सुचली, आणि ती त्याहून वाईट होती: किती रविवार, किती दुपारचे चहा, आईच्या उशाशी समोरासमोर बसून न बोलता काढलेली किती मिनिटे.

"वाचलंस का?" दादाने एकदम विचारले. आवाज बेफिकीर ठेवण्याचा त्याचा प्रयत्न साफ फसला.

"जेवढं सुटून आलं तेवढं."

"मग?"

"अर्धविराम फार आहेत."

"ते असू देत," तो म्हणाला, आणि त्याच्या भुवया हलल्या. "बाकी?"

"बाकी असं पुस्तक आपल्याकडे दुसरं नाही, दादा."

त्याने मान हलवली, खिडकीबाहेर पाहिले, आणि हे कौतुक कोणत्या वयात कामाला आले असते याचा हिशेब बोलून दाखवला नाही.

बाईंनी साहेबांवरची अकरा पाने तिथेच फाडली आणि इतिहासात घालायचा नवा मजकूर त्याच्याच टेबलावर बसून लिहिला. दादाने तो वाचायला घेतला. आयुष्यभर चौकशी-अहवाल वाचलेला माणूस. पेन्सिल आपोआप हातात आली.

"'अनवधानाने' काढ," तो म्हणाला. "ज्याला सुटायचं असतं तो हा शब्द पहिल्या ओळीत घालतो."

"पण ते खरंच अनवधान होतं."

"फुली मारताना होतं. साक्ष देताना?"

तिने तो शब्द खोडला. मग स्वतःहून आणखी दोन खोडले. शुक्रवारी मुद्रिते छापखान्यात गेली. ग्रंथालयाच्या शताब्दी-इतिहासात आता पान सतराचा उतारा जसाच्या तसा आहे, आणि त्याखाली, तळटिपेच्या बारीक अक्षरात नव्हे तर मुख्य मजकुराच्या टाइपात, हे आहे:

"ग्रंथ आला होता. मी तो उघडला नाही. वर शीर्षकाचे पान नव्हते म्हणून मी त्यावर फुली मारली आणि तो कापण्यासाठी पाठवला. नंतर समितीसमोर मी सांगितले, की तो कधीही आलेला नाही. हे मला माहीत नव्हते. तरी ठामपणे सांगितले, कारण मला नोंदवही माझ्या भावापेक्षा जास्त खरी वाटत होती. अध्यक्षांनी शंका घेतली होती. ती मी खोडून काढली. लेखकाने एक ओळही लिहिली नाही असे मी पुढे एकोणतीस वर्षे मानले, आणि त्याला एकदाही विचारले नाही."