मुलगी आणि नारळ

रविवारची सकाळ होती. रत्नागिरीजवळच्या शिरगावातल्या घरी हेमाताई नारळाच्या रसाबरोबर खायला घावन घालत होत्या आणि उर्वी जेवणाच्या टेबलावरच सोल्डरिंग करत बसली होती.

"गो, रसात काहीतरी पडेल तुझं ते. आधी खाऊन घे बघू," हेमाताई म्हणाल्या.

"एकच टाका राहिलाय, आई."

टेबलावरची काडेपेटीएवढी वस्तू म्हणजे उर्वीची चार वर्षांची मेहनत. इंजिनिअरिंग कॉलेजात ती पीएचडी करत होती. देवरूखच्या पलीकडे एका वाडीमागचा डोंगर दर पावसाळ्यात थोडाथोडा खचत होता. तिथे तिने अशा पेट्या आत बसवलेली, खुंट्यांसारखी यंत्रं पुरली होती. भर पावसात त्या निसरड्या उतारावर चढून बॅटऱ्या कोण बदलणार? म्हणून तिच्या यंत्राला बॅटरीच नव्हती. जमिनीतली ऊब आणि वरची हवा यांच्यातल्या फरकातून ते चिमूटभर वीज गोळा करी. बहुतेक वेळ झोपून राही, मधूनच जागं होऊन माती किती भिजली, किती सरकली ते पाही, बिनतारी निरोप धाडी आणि पुन्हा झोपी जाई. वीज मध्येच संपली की केलेलं काम वाया जाई, ही खरी अडचण होती. ती उर्वीने सोडवली होती.

वडील भास्करराव निवृत्त मुख्याध्यापक. हुंड्याविरुद्ध बोलायला त्यांना गावोगावी बोलावत. म्हणून उर्वीचं ऋत्विकशी ठरलं तेव्हा ते सगळ्यांना सांगत सुटले होते, "काही म्हणजे काही मागितलं नाही हो! मुलगी आणि नारळ, बस."

ऋत्विकच्या वडिलांचा, हरिश्चंद्रशेठांचा, मिरजोळ्याला कारखाना होता. ऋत्विक स्वतः इंजिनिअर. तो तिला भेटला की यंत्राबद्दल तासन् तास विचारी. आजवर पाहायला आलेल्या मुलांनी तिला स्वयंपाक येतो का, एवढंच विचारलं होतं. हा मात्र ऐकत होता. उर्वीचा जीव त्याच्यावर जडला तो तिथेच. तिने काही हातचं राखलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती वाडीवर गेली, तर काशीबाय अंगणातच उभी. तिच्याच परड्यामागे उर्वीच्या खुंट्या होत्या.

"तुजा होनारा घो आल्ता गो शनवारी. चार साहेब घेवन. एक खुटी उपटून न्हेलान."

"ऋत्विक? मला काही बोलला नाही तो."

"साहेबांना सांगत व्हता, ह्ये मी केलंय. म्हनतो कसा, झोपल्यालं मानूस उठल्यावर ऱ्हायल्यालं काम पुढं करतं ना, तसं ह्ये यंत्र. मी बोल्ले, अवो, ह्ये तर आमच्या उर्वीबायचं! तर हसलान नुसता."

झोपलेल्या माणसाचं ते वाक्य उर्वीचं होतं. भाट्याला समुद्रकाठच्या पुळणीवर बसून तिने ते त्याला सांगितलं होतं, आणि "काय सुंदर सांगतेस तू," असं तो म्हणाला होता. उर्वी काशीबायच्या पायरीवरच बसली.

काहीतरी गैरसमज असेल, अशी मनाची समजूत घालत ती थेट कॉलेजात गेली. तिचे मार्गदर्शक उन्मेषसर चकितच झाले.

"म्हणजे तुला ठाऊक नाही? पुढच्या कामाला हरिश्चंद्रशेठांचा कारखाना पैसा देतोय आणि पेटंट ऋत्विकच्या नावाने घेतायत. तू सहायक. तुझ्या बाबांचाच फोन होता. उर्वीची पूर्ण संमती आहे, म्हणाले."

"तुम्ही मला विचारलंत, सर?"

सर चष्मा पुसू लागले. "वडील स्वतः बोलले म्हटल्यावर..."

"मी तीस वर्षांची आहे, सर."

सरांनी चष्मा पुसून झाला तरी डोळ्यांवर चढवला नाही.

ऋत्विकने लुबाडलं, हे तिने एक वेळ कसंबसं पचवलं असतं. बाबांचं नाव मात्र तिला पेलवेना. तिला विज्ञानाचं पहिलं पुस्तक बाबांनीच आणून दिलं होतं. "माझी मुलगी मुलापेक्षा कमी नाही," असं ते भर सभेत सांगत.

घरी आली तर पडवीत हरिश्चंद्रशेठ आणि ऋत्विक बसलेले. साखरपुड्याचा दिवस ठरवायला आले होते. हेमाताई कोकम सरबत देत होत्या.

उर्वी उभ्यानेच म्हणाली, "ऋत्विक, यंत्र कोणी केलं?"

तो हसला. "अगं, लग्नानंतर तुझं-माझं काय त्यात?"

"मग माझ्या नावावर असू दे."

शेठ समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ बाळ, आम्ही काही मागितलं का? सोनं नको, गाडी नको. घरचं काम घरातल्या मुलाच्या नावावर राहिलं तर बिघडलं कुठे? भास्करराव आनंदाने हो म्हणाले."

"बाबा, खरं?"

भास्करराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "असं काय करतेस गो? तीस झाली तुला. असं स्थळ पुन्हा येणार आहे का? आणि हा काय हुंडा आहे?"

"आहे," हेमाताई म्हणाल्या.

सगळे वळून बघू लागले. चाळीस वर्षांत त्या पाहुण्यांसमोर बोलल्या नव्हत्या.

"माझ्या वडिलांची पावसची कलमांची बाग सासऱ्यांनी लग्नाआधी लिहून घेतली. 'जावयाला भेट' म्हणून. हे म्हणतात, मी हुंडा घेतला नाही. खरंच आहे, यांनी मागितला नाही. नको, असंही म्हणाले नाहीत. आणि त्या बागेचे आंबे खाऊन भाषणाला जात राहिले."

"हेमा!"

"ती बाग होती. हिचं तर डोकं काढून देताय."

उर्वीला वाटलं, आपण या घरात वाढलो, पण यातल्या कोणालाच ओळखत नव्हतो. आईलाही नाही.

"हे लग्न होणार नाही," ती म्हणाली. "काशीबायच्या परड्यामागची खुंटी उद्या परत आणून द्या."

ऋत्विक उठताना म्हणाला, "हट्टाने एकटी राहशील."

"तुझ्याबरोबर राहिले असते तरी एकटीच असते."

उन्मेषसरांनी पुढच्या आठवड्यात पेटंटच्या अर्जावरचं नाव बदलून उर्वीचं करून घेतलं. कारखान्याचा पैसा गेला, काम वर्षभर मागे पडलं. गावात बोभाटा झाला की मुलीला शिक्षणाचा माज आहे. स्थळं यायची थांबली. हेमाताई मात्र आता लेकीबरोबर वाडीवर जाऊ लागल्या. चिखलात उभं राहून खुंट्या धरू लागल्या.

एके दिवशी भास्करराव उर्वीसमोर येऊन बसले. "मी तुझ्या भल्यासाठीच केलं, गो."

"त्यांनी मागितलं, ते मला समजतं बाबा. मागणारे मागतातच. पण तुम्ही मला न विचारता दिलंत कसं?"

'आमच्याकडे हुंडा दिला नाही, घेतला नाही,' असं अभिमानाने सांगणारी घरं पुष्कळ आहेत. खरंच काही दिलं-घेतलं नाही का, हे त्या घरांतल्या बायकांना एकदा विचारून पाहावं. विचारताना कर्ता पुरुष जवळपास नसलेला बरा.